प्लग नाही, तरी डिझेल इंजिन पेटतं कसं?

थंडीत विहिरीवरचं जुनं इंजिन हँडल मारून मारून घाम काढतं. त्यात ठिणगीचा प्लगच नाही. ते पेटतं दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर.

हवा दाबली की का तापते, यावर युरोपात बराच काळ एक समजूत होती. उष्णता म्हणजे अदृश्य द्रव, आणि स्पंज पिळल्यावर पाणी निघावं तसा तो हवेतून निघतो. 1845 साली इंग्लंडच्या जेम्स जूलनं तांब्याच्या भांड्यात साधारण 22 पट दाबाने हवा कोंबली. भांडं पाण्यात ठेवून पाणी किती तापलं ते मोजलं. पंपाला जेवढे कष्ट, त्या हिशेबात ऊब. तीच हवा बाहेरच्या हवेला ढकलत सोडली, तर पाणी गार झालं. पण रिकाम्या, निर्वात भांड्यात सोडली तर एकूण पाण्याचं तापमान बदललंच नाही! हवा तर पसरली होती, पण तिला ढकलायला काही नव्हतं. म्हणजे द्रवबिव काही नाही, सगळा कष्टाचा हिशेब. मला हा प्रयोग फार आवडतो.

क्रिकेटमधलं बघा. बॅट पुढे आणत मारली की चेंडू जोरात परततो, मागे घेतली की मंदावतो. हवेच्या कणांना पिस्टन म्हणजे तशीच बॅट. कण वेगाने पळणं म्हणजेच हवा तापणं.

रुडॉल्फ डिझेल मूळचा बर्फाच्या यंत्रांचा माणूस, म्युनिकला कार्ल लिंडे यांचा विद्यार्थी. 1893 च्या पहिल्या चाचणीत स्फोट होऊन तो थोडक्यात वाचला. 1897 ला आउग्सबुर्गमध्ये त्याच्या इंजिनाने इंधनातली सुमारे 26 टक्के उष्णता कामाला लावली. तेव्हाच्या बहुतेक वाफेच्या इंजिनांना याच्या निम्मंही जमत नव्हतं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात तर असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं.

आता आपलं इंजिन. सिलिंडरमधली हवा दाबून 500 अंशांच्या वर गेली की फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रिंगा घासल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसला, तर हवा निसटते, दाब पडतो, ऊब होत नाही. हँडल हळू फिरवलं तर तयार झालेली ऊब गार सिलिंडर पिऊन टाकतो. म्हणून लिव्हर उचलून आधी चाकाला जोर येऊ द्या, मगच सोडा. तरीही नुसता पांढरा धूर येत असेल, तर पंप-नोझल खोलायच्या आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.