आमदाराचे मत शोधायचे कोठे? रुग्णवाहिका, बैलगाडा आणि ‘होय’चे बहुमत

१० जून २०२२. पिंपरी-चिंचवडहून एक रुग्णवाहिका मुंबईच्या दिशेने निघाली. आत होते चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप, गंभीर आजाराने खंगलेले. पुण्यातील कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक याही त्याच दिवशी आजारपणातून उठून रुग्णवाहिकेने विधान भवनात पोहोचल्या. निवडणूक राज्यसभेची होती. जागा सहा, उमेदवार सात. दुसऱ्या दिवशी पहाटे निकाल लागला तेव्हा भाजपचे तिसरे उमेदवार धनंजय महाडिक निवडून आले होते आणि शिवसेनेचे संजय पवार पराभूत झाले होते. दहाच दिवसांनी, २० जूनला, विधान परिषदेसाठी हे दोघे आमदार पुन्हा त्याच वाटेने मुंबईला गेले. मुक्ता टिळक यांचे निधन २२ डिसेंबर २०२२ रोजी झाले, लक्ष्मण जगताप यांचे ३ जानेवारी २०२३ रोजी.

त्या प्रवासाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सर्वत्र फिरली. कोणी निष्ठेचे कौतुक केले, कोणी पक्षाच्या निष्ठुरतेवर बोट ठेवले. इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे मात्र या छायाचित्रांमुळे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. एका मतासाठी इतका अट्टहास झाला, कारण ते मत मोजले जाणार होते. मग आमदार आपल्या कारकिर्दीत सभागृहात जी शेकडो मते देतो, ती कोठे मोजली जातात? उद्या कोणी चिंचवड, भोसरी किंवा खेड-आळंदीच्या आमदारांचा मतदानाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती काय लागेल?

फारच थोडे लागेल. आपल्या विधिमंडळात कायदा कसा संमत होतो ते आठवून पाहा. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. ज्या बाजूचा आवाज मोठा वाटेल ती बाजू जिंकली असे अध्यक्ष जाहीर करतात. हेच आवाजी मतदान. राज्यघटनेच्या १८९व्या अनुच्छेदानुसार निर्णय उपस्थित आणि मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो, पण कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंद हवी असेल तर कोणीतरी उठून ‘पोल’ मागावा लागतो. तो मागितला गेला नाही, तर कार्यवृत्तात उरते फक्त ‘संमत झाले’ एवढेच. २८८ माणसांचा एकत्रित आवाज उरतो, माणूस एकही उरत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १२ नोव्हेंबर २०१४ चे. देवेंद्र फडणवीस यांचे नवे सरकार अल्पमतात होते. राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता, शिवसेना विरोधी बाकांवर होती आणि विरोधी पक्षनेते होते एकनाथ शिंदे. (होय, तेच.) विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी जाहीर केले. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीची मागणी करून मोठा गदारोळ केला, पण निर्णय बदलला नाही. त्या वेळी पिंपरी-चिंचवड शहरातील तीन आमदार तीन वेगळ्या वाटांवर होते: चिंचवडचे लक्ष्मण जगताप भाजपचे, पिंपरीचे गौतम चाबुकस्वार शिवसेनेचे आणि भोसरीचे महेश लांडगे अपक्ष. सरकार राहणार की जाणार, या त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर या तिघांनी काय केले, हे अधिकृत आकड्यांवरून सांगता येत नाही, कारण आकडेच नाहीत. पक्षांच्या भूमिकांवरून अंदाज बांधता येईल. अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.

तुलनेसाठी जुन्या मुंबई कायदेमंडळाची १९२० आणि १९३०च्या दशकांतील छापील कार्यवृत्ते पाहावीत. मतदानाचा हक्क मूठभरांना होता, सरकारनियुक्त सदस्यांचा भरणा होता, लोकशाही म्हणावे असे त्यात फार नव्हते. तरीही मतविभागणी झाली की बाजूने कोण आणि विरोधात कोण, ही नावे रकान्यांत छापली जात. त्या सभागृहातला एखादा खोत किंवा गिरणीमालक कोणत्या रकान्यात उभा राहिला, हे शंभर वर्षांनंतर बोट ठेवून दाखवता येते. प्रौढ मताधिकाराने निवडून आलेल्या सभागृहाबाबत ही सोय क्वचितच मिळते, हा उपरोध लक्षात घेण्यासारखा आहे.

नावे नोंदवण्याची निकड कमी होण्याचे एक कारण १९८५ मध्येही सापडते. त्या वर्षी बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आणली. पक्षादेश मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते, असा नियम झाला. आयाराम-गयारामांना आवर घालणे हा त्यामागचा हेतू होता. परिणाम असा की पक्षादेश निघाला की आमदाराचे मत त्याचे राहत नाही, पक्षाचे होते.

मग प्रतिनिधीने स्वतःचे वेगळेपण दाखवायचे कोठे? सभागृहाबाहेर. इथे बैलगाडा येतो.

भोसरी, चिखली, मोशी, चाकण ही नावे आज कारखान्यांची, वाहतूक कोंडीची आणि गृहसंकुलांची आहेत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्या साठ वर्षांत शेतजमिनीचे रूपांतर भूखंडांत होत गेले. शेत गेले, पण गावाची जत्रा गेली नाही. या पट्ट्यातील शर्यत घाटातली असते. चढणीच्या धावपट्टीवर बैल गाडा ओढत धावतात, पुढे घोडी धावते आणि एकेका बारीचा निकाल सेकंदांवर लागतो. ज्यांच्या दारात आता नांगर नाही, अशी अनेक कुटुंबे केवळ शर्यतीसाठी बैल पोसतात. मुळे गमावलेल्या माणसांनी धरून ठेवलेला हा एक धागा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बैलांना होणाऱ्या वेदनांचा प्रश्न त्याने पुसला जात नाही आणि न्यायालयापुढे गेला तो हाच प्रश्न.

घटनाक्रम थोडक्यात असा. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचनेतून सूट देण्याचा प्रयत्न केला, न्यायालयाने त्याला काही दिवसांतच स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जनसागर लोटला आणि तमिळनाडूने स्वतःचा कायदा केला. त्याचे पडसाद महाराष्ट्रात उमटले नसते तरच नवल.

६ एप्रिल २०१७ रोजी महाराष्ट्र विधानसभेने १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती संमत केली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, नियमांच्या चौकटीत शर्यती घेता येतील. बैलाला इजा केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. विधेयक एकमताने संमत झाले.

‘एकमताने’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. मार्च २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफीच्या मागणीवरून सभागृहात रण पेटले होते आणि २२ मार्चला विरोधी पक्षांचे १९ आमदार निलंबित झाले होते. काहींचे निलंबन एप्रिलच्या आरंभी मागे घेण्यात आले, उरलेल्यांचे अधिवेशन संपता संपता. म्हणजे ज्या सभागृहाने एकमत केले, ते पूर्ण भरलेले सभागृह नव्हते. निलंबित सदस्य आत असते तर विरोध झाला असता, असे मुळीच नाही. ग्रामीण महाराष्ट्रात बैलगाड्याला उघड विरोध करण्याची हिंमत कोणत्याच पक्षात नव्हती. पण एकमत म्हणजे उपस्थितांपैकी कोणी पोल न मागणे, एवढाच त्याचा अर्थ. या कायद्याला कोणत्या आमदाराने मनापासून, कोणी नाइलाजाने ‘होय’ म्हटले, कोण त्या क्षणी चहाला बाहेर गेले होते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

कायदा झाला तरी शर्यती सुरू झाल्या नाहीत. विषय समवर्ती सूचीतला असल्याने राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागली, ती मिळाली. मग ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाकडे गेला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकालाच्या अधीन राहून महाराष्ट्राला परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले.

या साऱ्या वर्षांत मतदारसंघात सर्वाधिक चर्चा झाली ती मात्र खासदाराच्या भूमिकेची. चाकण ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघात येते, तिथे २००९ आणि २०१४ मध्ये शिवाजीराव आढळराव पाटील निवडून आले. २०१९ मध्ये अभिनेते डॉ. अमोल कोल्हे यांनी त्यांचा पराभव केला. शर्यत सुरू झाली की गाड्यापुढे आपण घोडी धरू, असा शब्द कोल्हे यांनी दिला होता. परवानगी मिळताच विरोधकांनी त्या शब्दाची आठवण करून दिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांनी घोडीवर मांड टाकली आणि बारीपुढे दौड केली. छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका घराघरांत पोहोचवलेला हा नट घोड्यावर नवखा नव्हता. ते दृश्य मोबाइलवर पाहिले नाही असा माणूस त्या आठवड्यात या पट्ट्यात शोधावा लागला असता.

आता वरचा घटनाक्रम पुन्हा वाचावा आणि खासदाराचे मत त्यात कोठे येते ते शोधावे. २०११ची अधिसूचना मंत्रालयाने काढली, संसदेत तिच्यावर मतदान झाले नाही. २०१६ची सूटही अधिसूचनाच होती. २०१७चा कायदा विधिमंडळाचा. २०२१ आणि २०२३चे निर्णय न्यायालयाचे. आढळराव असोत वा कोल्हे, बैलगाड्याच्या प्रश्नावर शिरूरच्या खासदाराला मत देण्याची संधी एकदाही आली नाही. संसदेत मागणी मांडणे, मंत्र्यांना भेटणे, पाठपुरावा करणे एवढेच त्यांच्या हाती होते आणि त्या पाठपुराव्याचे श्रेय कोणाचे, यावरून दोन्ही बाजू वर्षानुवर्षे भांडल्या. भोसरीचे आमदार महेश लांडगे हे बैलगाड्याचे आणखी एक कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या बाजूला निदान तो कायदा करणाऱ्या सभागृहाचे सदस्यत्व होते. पण त्यांच्याही नावापुढे अधिकृत कागदावर ‘होय’ लिहिलेले नाही. त्यांची ओळख ठसली ती मे २०२२ मध्ये चिखलीत भरलेल्या भव्य शर्यतीने, जिचे पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. औद्योगिक पट्ट्यातल्या बैलगाड्याला याहून समर्पक बक्षीस सुचणे अवघड आहे.

उलट जिथे खासदाराचे मत नावानिशी नोंदले जाते, तिथे गावातल्या पारावर चर्चा क्वचितच होते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मतविभागणी टळत नाही. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधातील दोन मतांपैकी एक हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी यांचे आणि दुसरे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे. त्यांचा मुद्दा होता की आरक्षणात मुस्लिम आणि इतर मागासवर्गीय महिलांना स्वतंत्र वाटा हवा. तो कोणाला पटो न पटो, जलील यांचे मत इतिहासात तारखेसह टिकून राहील. त्याच संसदेत २० सप्टेंबर २०२० रोजी कृषी विधेयके राज्यसभेत आवाजी मतदानाने संमत झाली होती. विरोधक मतविभागणी मागत राहिले, ती झाली नाही. देशभर वर्षभर आंदोलन पेटवणाऱ्या आणि अखेर मागे घेतल्या गेलेल्या त्या कायद्यांवर राज्यसभेच्या सदस्यांनी कसे मत दिले, याचा तक्ता उपलब्ध नाही.

म्हणून अभ्यासक समाजमाध्यमांकडे वळतो. तिथे नोंदींचा तुटवडा नाही: निवेदनाची छायाचित्रे, मंत्रालयाच्या पायऱ्यांवरचे व्हिडिओ, ‘पाठपुराव्याला यश’ असे फलक, प्रतिस्पर्ध्याला टोमणे. पण हे साधन बखरीसारखे वाचावे लागते. बखरकार आश्रयदात्यासाठी लिही. इथे आश्रयदाता स्वतःच लिहितो किंवा पगारी माणसाकडून लिहवून घेतो. नोंद बदलता येते, पुसताही येते. पक्ष बदलला की जुन्या नोंदी अडचणीच्या ठरतात. २०२४ मध्ये शिरूरला तीच जोडी पुन्हा समोरासमोर आली, पण एकेकाळी शिवसेनेचे असलेले आढळराव आता अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार होते. कोल्हे पुन्हा जिंकले. अशा नोंदींवरून प्रतिनिधीने काय केले हे खात्रीने कळत नाही. आपण काय केले असे लोकांना वाटावे अशी त्याची इच्छा होती, ते मात्र नेमके कळते.

आणि ती रुग्णवाहिका? राज्यसभेच्या निवडणुकीत २००३पासून खुले मतदान आहे. आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. १० जूनला शिवसेनेच्या सुहास कांदे यांचे मत बाद झाले ते या दाखवण्याच्या पद्धतीवरूनच. विधान परिषदेचे मतदान मात्र गुप्त असते. २० जूनला काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे अनपेक्षितपणे हरले, तेव्हा कोणाची मते फुटली याची यादी निघू शकली नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेकडे निघाले. पुढे ४ जुलैला नव्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला, तेव्हा शिरगणती झाली. एकेक सदस्य जागेवर उभा राहून आपला क्रमांक सांगत गेला: बाजूने १६४, विरोधात ९९.