जनावरांचं इंजेक्शन परत मागवलं तर? गोठ्यातल्या बाटलीवर काय बघायचं

बैल लंगडायला लागला, दुभत्या गाईला ताप भरला की इंजेक्शन दिलं जातं. निम्मी बाटली वापरली जाते, उरलेली गोठ्यातल्या फळीवर पडून राहते. त्या औषधावर पुढे बंदी आली किंवा कंपनीने ते परत मागवलं, तर ती खबर मेडिकल दुकानापर्यंत जाते. फळीवरच्या बाटलीपर्यंत सहसा कोणी येत नाही. ती बाटली पशुपालकालाच ओळखावी लागते.

बंदी वेगळी, परत मागवणं वेगळं

औषधच घातक ठरलं तर केंद्र सरकार औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६-अ नुसार त्याचं उत्पादन आणि विक्री बंद करू शकतं. मग कंपनी कोणतीही असो, ते औषध बंद.

दुसऱ्या प्रकारात औषध चालू असतं, पण एखादी बॅच खराब निघते. तपासणीत औषधाचं प्रमाण कमी भरतं, बाटलीत कण दिसतात किंवा निर्जंतुकीकरण नीट झालेलं नसतं. तेव्हा तेवढीच बॅच परत घेतली जाते. इंजेक्शन थेट अंगात जातं, त्यामुळे त्यातला दोष लवकर भोवतो. टोचल्या जागी गाठ येते, पू होतो, कधी जनावर दगावतं.

डायक्लोफिनॅकवर बंदी का आली

सूज आणि दुखणं उतरवणारं हे इंजेक्शन गावोगाव चालायचं. पण ते दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून हे कारण २००४ मध्ये जगापुढे आलं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गिधाडं गेली तशी गावाबाहेर टाकलेली मढी कुजत पडू लागली, त्यावर मोकाट कुत्री पोसली जाऊ लागली.

२००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही ३ मिलीच्या, एका डोसच्या पॅकपुरतंच ठेवलं गेलं. जुलै २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक, तर डिसेंबर २०२४ मध्ये निमसुलाइड जनावरांसाठी बंद झालं. अ‍ॅसिक्लोफिनॅकचं गाईच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं. मेलॉक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. ते द्यायचं की नाही आणि किती, हे पशुवैद्यकाला विचारावं.

नोंदीमुळे दोष सापडतो

२००७ पासून जर्मनीत आणि नंतर युरोपातल्या इतर देशांत महिनाभराच्या आतली वासरं रक्तस्राव होऊन मरू लागली. लस दिलेल्या आणि न दिलेल्या गोठ्यांची तुलना झाली, तेव्हा गाईंना टोचलेल्या ‘प्रेगशुअर बीव्हीडी’ या लसीकडे बोट गेलं. लस दिलेल्या गाईचा चीक पिऊन वासराच्या रक्तपेशी नष्ट होत होत्या. २०१० मध्ये युरोपात या लसीची विक्री थांबली. कोणत्या गाईला काय टोचलं हे कळलं नसतं, तर हा संबंध जुळलाच नसता.

पशुपालकांनी काय करावं

• लेबलवर जनावराच्या डोक्याचं चित्र आणि औषध फक्त जनावरांसाठी असल्याची सूचना आहे का, ते बघा.

• औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत दिसेल असा मोबाइलमध्ये फोटो काढा. कोणत्या जनावराला कोणत्या तारखेला दिलं, तेही लिहून ठेवा.

• पक्कं बिल घ्या. बिलावर बॅच नंबर नसेल तर लिहून मागा.

• तळाशी कण दिसणारी, रंग बदललेली किंवा मुदत संपलेली बाटली वापरू नका. पुष्कळ दिवस उघडी राहिलेलीही नको.

• इंजेक्शननंतर जनावर थरथरलं, धापा टाकू लागलं, तोंड सुजलं तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा किंवा १९६२ वर फोन करा. बाटली टाकू नका, तोच पुरावा असतो.

• औषधाबद्दलची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करता येते. सोबत बाटली, बिल आणि फोटो न्यावा.

• बंदी आलेलं किंवा परत मागवलेलं औषध विहिरीजवळ, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका. दुकानदाराकडे परत द्या.

जनावर दगावलंच, तर त्याला शेवटच्या आठवड्यात कोणतं इंजेक्शन दिलं होतं ते आधी बघा. यापैकी एखादं औषध दिलेलं असेल तर मढं उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा करून पुरा.