व्याजनिषेधाचा अभ्यास आणि दख्खन

व्याज वर्ज्य मानणाऱ्या इस्लामी अर्थव्यवहाराचा विद्यापीठीय अभ्यास अरबस्तानात सुरू झाला असावा, असे सहज वाटते. 1976 साली मक्केस भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर तो जगभर झपाट्याने वाढला, हे खरेच. परंतु त्यापूर्वी तीन दशके, 1944 साली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील मुहम्मद हमीदुल्ला यांनी बिनव्याजी कर्ज देणाऱ्या मंडळ्यांवर उर्दूत लेख लिहिला होता. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे अलीगढचे मुहम्मद नजातुल्ला सिद्दीकी यांनी व्याजविरहित बँकेची शास्त्रीय मांडणी केली. 1982 साली त्यांना किंग फैसल पारितोषिक मिळाले.

1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या आमच्या लोंढा-खानापूर भागास दामदुपटीचा नियम अपरिचित नाही. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हे त्याचे सार. एक परंपरा व्याज नाकारते, दुसरी त्यास मर्यादा घालते. ऋणको बुडू नये, ही चिंता दोहींची.

2017 साली रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकव्यवहाराचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. तो प्रश्न धोरणाचा झाला. दामदुपट आणि व्याजनिषेध यांचा इतिहास एकत्र तपासणे मात्र अभ्यासकाचे काम आहे, आणि ते मराठीत व्हावे, असे आम्हांस वाटते.