डासाची भ्रमंती आणि माणसाची

पणत्यांतले तेल सरते न सरते, तोच बीड जिल्ह्यातली ऊसतोडीची बिऱ्हाडे हलू लागतात. आमच्या धर्मापुरीत केदारेश्वराचे प्राचीन देऊळ आहे, किल्ला आहे. पण देवळाच्या शिल्पांनी पोट भरत नाही. कोयता घेऊन ऊस पिकतो त्या मुलखाची वाट धरावीच लागते. ही फिरती पाहिली की मला एका डॉक्टराची आठवण होते. त्याने डासाच्या फिरतीचे गणित मांडले होते.

रोनाल्ड रॉस हे त्याचे नाव. जन्म अल्मोड्याचा, १८५७ सालचा. त्याची हकीकत परक्या मुलखातली नव्हे. ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत आपला जिल्हा होता, त्याच राज्यातल्या सिकंदराबादच्या छावणीत रॉस १८९७ साली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला त्याने डास चावू दिले. दर डासामागे मोबदला एक आणा! २० ऑगस्टला अशाच एका डासाच्या जठराच्या भित्तीत त्याला हिवतापाचे जंतू दिसले, आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढे मुलांनाही ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डबकी बुजवून डास हटवण्याचा प्रयोग झाला, तो फसला. बाहेरून डास उडत येणारच, मग खटाटोप कशाला, असा सूर निघाला. रॉसला हे पटेना. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे त्याने प्रश्न टाकला : डबक्यातून निघालेला डास जातो तरी किती लांब? डास काही वारकरी नव्हे, की पंढरीची वाट धरून सरळ चालेल. एकदा इकडे, एकदा तिकडे. पुढे गेलेला मागे येतो. अशी शंभर उड्डाणे झाली तरी तो सरासरीने दहाच उड्डाणांच्या अंतरावर असतो, कारण अंतर वाढते ते उड्डाणांच्या वर्गमुळाने. म्हणजे बहुतेक डास जन्मठिकाणाच्या आसपासच मरतात, आणि पुरेसा रुंद टापू कोरडा केला तर मध्यभागी डास कमी होतातच. हे कोडे रॉसने कार्ल पिअर्सन या गणितज्ञापुढे ठेवले. पिअर्सनने १९०५ साली ते 'नेचर' साप्ताहिकात छापले, डासाचे नाव वगळून. आणि रॅलेसाहेबांचे उत्तर आल्यावर शेरा मारला, की झिंगलेला माणूस शोधायचा तर तो निघाला तिथेच शोधावा!

१९११ साली रॉसने आणखी धीट विधान केले. डास निःशेष मारण्याची गरजच नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आली की हिवताप आपोआप विझत जातो. पुढे जॉर्ज मॅक्डोनल्डने दाखवले, की संख्येपेक्षाही डासाचे आयुष्य महत्त्वाचे. जंतू डासाच्या अंगात पिकायला दहाबारा दिवस लागतात. रोज शंभरातले नव्वद डास जगत असतील, तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात. ऐंशी जगत असतील, तर अकराच. घराच्या भिंतीवर डी.डी.टी. फवारण्याचे मर्म हेच. आपल्याकडे १९५३ साली देशव्यापी मोहीम निघाली, १९६५ च्या सुमारास रोगी लाखाच्या घरात आले, आणि १९७६ साली पुन्हा ६४ लाखांवर गेले. डास औषधाला निर्ढावले, हे त्याचे एक कारण.

पण डास फार दूर जात नाही. दूर जातो तो माणूस. एका जातीचा जंतू तर यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाबरोबर बिनतिकीट प्रवास करतो. आफ्रिकेतल्या केनियात सुमारे दीड कोटी मोबाईल फोनांच्या नोंदींवरून माणसांची ये-जा मोजली गेली. व्हिक्टोरिया सरोवराकाठचा ताप नैरोबीकडे कसा पोचतो, ते २०१२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे पाटाच्या कडेला कोपी घालून राहणाऱ्यांचे असे गणित मांडायचे, तर पहिली अडचण वहीतच आहे. मुकादमाच्या हिशेबी नवराबायको मिळून एक कोयता. पोरे धरलेलीच नाहीत. गणितवाल्याला मात्र प्रत्येक जीव वेगळा मोजावा लागेल : कोण कुठे निजले, किती रात्री, आणि गावी परतले केव्हा. परततात ती पावसाळ्याच्या आधी. आणि पाऊस पडला की इथली डबकी भरतात.