तळटीप १४ : हाकारा

१४. हाकारा : डबे, ताशे आणि आरडाओरडा यांनी रान उठवून जनावर मचाणावरच्या बंदुकीसमोर आणण्याची रीत. लेखकाने ही निव्वळ हौस म्हणून सांगितली आहे. पण हाकारा आधी नीट आखावा लागे. वारा कुठला, जनावर कोणत्या ओढ्याने उतरते, मचाण कुठे बांधायचे, हे सारे गावातला वाटाड्या ठरवी. साहेबाचे काम चाप ओढण्यापुरते. (फोटो मात्र साहेबाचा!) कॅनडाच्या पार उत्तरेला किंवा ग्रीनलंडमध्ये मस्क ऑक्सच्या शिकारीला पाहुणे आजही जातात, तिथेही परवाना, ठरलेला कोटा आणि वाट दाखवणारा स्थानिक माणूस यांवरच सारा बेत उभा असतो. आपल्याकडे ते दार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लावून घेतले.

अवसरी खुर्दच्या आजच्या वाचकाला ‘रान उठवणे’ म्हटले की ऊसतोडच आठवेल. डिंभे धरणाचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्याची मादी त्यातच विऊ लागली. तोडीत बछडे सापडले की वनखात्याची माणसे ते संध्याकाळी त्याच शेतात क्रेटखाली ठेवतात. अंधार पडल्यावर मादी येते, पंजाने क्रेट उलटते आणि एकेकाला तोंडात धरून नेते. माणसांवर उठलेला बिबट्या ठार करायलाही मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो; एरवी पिंजरा लावतात, आणि पकडलेल्यांपैकी काहींची रवानगी जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात होते.

पुढे लेखक ज्याला ‘वाघ’ म्हणतो तोही बिबट्याच; या भागात बोलताना दोघांना सर्रास एकच शब्द आहे.