मासा कुठला? आफ्रिकी सिक्लिडांच्या मोठ्या टाकीविषयी

आपल्याकडच्या दुकानांत ‘आफ्रिकन सिक्लिड’ या एकाच पाटीखाली पिवळे, निळे, नारिंगी, पट्टेरी मासे एकत्र ठेवलेले दिसतात. ती एक पाटी तीन सरोवरांना झाकून टाकते. टांगानिका ६७३ किलोमीटर लांब आणि जवळजवळ दीड किलोमीटर खोल. त्याच्या आग्नेयेला मलावी, सुमारे सातशे मीटर खोल. ही दोन्ही म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत साठलेलं पाणी. व्हिक्टोरिया मात्र त्या दरीच्या दोन शाखांमधल्या उथळ खोलगटात पसरलेलं. क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, पण खोली ऐंशी मीटरच्या आसपासच. या तिन्हींत मिळून सिक्लिड कुळाच्या हजाराहून अधिक जाती घडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

हे कूळ मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. उजनीच्या जलाशयात मिळणारी चिलापी ही आफ्रिकेतून आलेली सिक्लिडच, आणि गोव्या-कोकणच्या खाड्यांतला कालुंदर तर इथलाच सिक्लिड. पण चिलापी कुठल्याही तळ्यात निभावून नेते. सरोवरांतले तिचे आप्त तसे नाहीत. ते आपापल्या ठिकाणाशी इतके जुळून गेले आहेत की त्यांना तिथून उचलून काचेत आणलं, तर ते ठिकाणही काही अंशी बरोबर आणावं लागतं. या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचं मनापासून स्वागत करताना मी त्याच्या हातात एकच प्रश्न देऊ इच्छितो: हा मासा कुठला? कुठल्या सरोवराचा, कुठल्या काठाचा, खडकातला की वाळूवरचा, कशावर जगणारा? मोठ्या टाकीच्या आरोग्याचा जवळजवळ प्रत्येक गुंता या प्रश्नापाशी येऊन सुटू लागतो. औषधांची चर्चा त्यानंतरची.

मोठी टाकी म्हणजे निदान सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असं मी धरतो. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. काच, खडक, वाळू आणि स्टँड धरून वजन टनाच्या घरात जातं. ती कुठे ठेवायची हे ठरवण्याआधी इमारतीच्या स्लॅबचा विचार करावा, एवढं सांगून पाण्याकडे वळतो, कारण या विषयाचं खरं खोल पाणी तिथेच आहे.

शेतकऱ्याला मातीचा सामू माहीत असतो. इथे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, पाहायचा. मलावीच्या वरच्या थरात तो साधारण ७.७ ते ८.६ असतो, टांगानिकात नऊच्या आसपास. टांगानिकाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मलावीच्या अडीच-तीन पट आहेत. म्हणजे ‘आफ्रिकन सिक्लिडांना जड पाणी लागतं’ हे सरसकट विधान मलावीच्या बाबतीत फारसं खरं नाही. मलावीचं पाणी अल्कधर्मी आहे, पण फार जड नाही. त्या माशांना आकड्याहून स्थैर्याची गरज अधिक असते. इतक्या अवाढव्य सरोवराचं पाणी एका रात्रीत बदलत नाही, आणि ज्याला तसा बदल कधी सोसावाच लागला नाही, त्या माशाच्या शरीरात तो पेलण्याची तयारीही बेताचीच असते.

टाकीत मात्र पाणी रोज बदलत असतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. फिल्टरमधल्या स्पंजवर, दगडांवर, वाळूवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरण्याला पर्याय नाही. इथवरचं गणित कुठल्याही मत्स्यालयाचं आहे. सिक्लिडांच्या टाकीत ते एका कारणाने कडक होतं. पाण्यातल्या अमोनियाचा काही भागच विषारी रूपात असतो, आणि तो भाग सामूवर ठरतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असताना विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर, ८.५ ला सुमारे पंधरा टक्के, आणि ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. चाचणीच्या बाटलीत रंग तोच दिसतो, पण मृदू, किंचित आम्ल पाण्यातल्या टेट्राला जो अमोनिया जाणवलाही नसता, तो मलावीच्या माशाचे कल्ले जाळतो. म्हणून या टाकीत फिल्टर गरजेपेक्षा मोठाच लावायचा असतो, आणि त्याचे सगळे स्पंज एकाच दिवशी नळाखाली धुवायचे नसतात.

याची दुसरी बाजू त्याहून कमी ओळखली जाते. जिवाणूंचं हे काम आम्ल निर्माण करतं. अमोनियाच्या रूपातल्या एक ग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट होईपर्यंत पाण्यातली सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची शिल्लक, खर्ची पडते. मुंबईचं नळाचं पाणी पावसाने भरणाऱ्या तलावांतून येतं. ते मृदू असतं, त्यात ही शिल्लक थोडीच असते. भरलेल्या टाकीत ती हळूहळू संपते. मग सामू घसरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साचू लागतो. पण सामू खाली असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात दबून राहतो आणि मासे वरवर ठीक दिसतात. अशा टाकीचं एके रविवारी उत्साहाने निम्मं-अधिक पाणी बदललं, की सामू झपकन वर येतो आणि साचलेल्या अमोनियाचा मोठा वाटा काही मिनिटांत विषारी होतो. मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागतात, आणि दोष नव्या पाण्याला दिला जातो. दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी नेमाने बदलणं, फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवणं, बदलाच्या पाण्यात मोजून खाण्याचा सोडा घालणं, आणि सामूबरोबर अल्कतेचीही चाचणी करणं हे त्यावरचे साधे उपाय. दख्खनच्या पठारावर ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यांना ही शिल्लक बहुधा आयती मिळते. त्यांनी मात्र त्यातलं नायट्रेट तपासून पाहावं. शेतीच्या भागांत ते मुळातच जास्त असू शकतं.

उन्हाळ्याविषयी एक गोष्ट इथेच सांगतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना सुमारे ७.३. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते आणि अमोनियाचा विषारी भागही वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात भारनियमनाची भर पडली, तर बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. इन्व्हर्टरवर चालणारा एक एअर पंप अशा दिवसांत साऱ्या औषधांहून मोलाचा असतो.

आता खाण्याकडे. जेफ्री फ्रायर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मलावीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नखाटा बे इथे काम केलं. कोणता मासा कुठे चरतो आणि त्याच्या आतड्यात काय सापडतं, हे त्याने जातीजातीने तपासलं. पुढे १९७२ मध्ये टी. डी. आईल्स यांच्यासह त्याने या सरोवरांतल्या सिक्लिडांवर जो ग्रंथ लिहिला, तो आजही या अभ्यासाचा पाया आहे. खडकांत राहणाऱ्या माशांना तिथले लोक म्बुना म्हणतात. खडकांवर शेवाळाचा एक दाट थर असतो, त्यात अतिसूक्ष्म प्राणी दडलेले असतात, आणि म्बुनांतले पुष्कळजण तो खरवडून दिवसभर थोडं थोडं खातात. त्यांपैकी लॅबिओट्रोफियस फ्युलेबोर्नीचं तोंड नाकाखाली दबलेलं असतं, त्यामुळे तो खडकाला जवळजवळ समांतर राहून चरतो. या माशांचं आतडं लांब, निकृष्ट आणि तंतुमय अन्नातून सत्त्व काढण्यासाठी घडलेलं. त्यांना दिवसातून एकदा पोटभर प्रथिनयुक्त खाद्य किंवा जनावराचं काळीज घालणं म्हणजे त्या आतड्याशी वैर धरणं. ‘मलावी ब्लोट’ या नावाने पाळणारे ज्या फुगीला घाबरतात, तिच्या मागे चुकीचं खाणं, घाण पाणी आणि छळ यांपैकी काही ना काही बहुतेक वेळा सापडतं. फुगलेलं पोट हे शेवटचं लक्षण. त्याच्या बरंच आधी मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, कळपापासून दूर राहतो, पांढरट दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो. रोज खाद्य घालताना पाच मिनिटं टाकीसमोर थांबणाऱ्याला ही लक्षणं वेळेत दिसतात.

पण सगळे मलावीवासी शेवाळ खात नाहीत, आणि इथेच ‘कुठला’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुकानात ‘पीकॉक’ म्हणून मिळणारे ऑलोनोकारा वाळूवर तरंगत थांबतात. त्यांच्या जबड्याखाली संवेदनशील खळग्या असतात, त्यांनी ते वाळूतल्या किड्यांची हालचाल टिपतात. हे शांतपणे शिकार करणारे मासे. निम्बोक्रोमिस लिविंगस्टोनी तळाशी मेल्यासारखा आडवा पडतो आणि कुतूहलाने जवळ आलेल्या लहान माशाला गट्ट करतो. कोपाडिक्रोमिस मोकळ्या पाण्यात प्लवक टिपतात. या सगळ्यांना दांडग्या म्बुनांबरोबर एका टाकीत कोंबलं, तर पीकॉक कोपऱ्यात दबतात, त्यांचे रंग उतरतात, आणि दोन महिन्यांत परांना बुरशी धरते. तिथे बुरशीचं औषध घालून उपयोग होत नाही. टांगानिकाच्या ट्रोफियसला मलावीच्या म्बुनांत मिसळणं हीही मला न पटणारी पद्धत आहे. खाणं जुळत असलं तरी पाणी आणि समाजरचना जुळत नाही.

समाजरचना हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. म्बुनांतला प्रबळ नर खडकातली एक कपार आपली मानतो, तिच्याभोवती कडं राखतो आणि आपल्यासारख्या रंगाच्या नरावर सगळ्यांत आधी धावून जातो. सरोवरात हरलेला नर पळून जातो. सहा फुटांच्या टाकीत त्याला पळायला जागा नसते. म्हणून एका नरामागे तीन-चार माद्या ठेवतात, एकसारख्या पट्ट्यांच्या जाती टाळतात, आणि टाकी मुद्दाम थोडी भरलेली ठेवतात, म्हणजे मार एकाच्या वाट्याला न येता विखुरतो. ही युक्ती चालते, पण तिची किंमत पाण्याला मोजावी लागते. जितके मासे जास्त, तितका अमोनिया जास्त, तितकी अल्कता लवकर संपणार. मोठ्या सामूहिक टाकीची सगळी कला या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात आहे, आणि ती प्रत्येक टाकीत वेगळी निघते. खडक रचताना ते वाळूवर न ठेवता थेट तळावर, खाली पातळ थर्माकोल घालून, घट्ट बसवावेत. हे मासे वाळू उकरतात. उकरलेल्या वाळूवरचा खडक कोसळला तर मासाही जातो आणि काचही.

प्रजनन मोठ्या टाकीत आपोआप होतं. मलावीच्या बहुतेक सिक्लिड माद्या अंडी तोंडात घेतात आणि सुमारे तीन आठवडे, जवळजवळ उपाशी राहून, पिल्लं तिथेच वाढवतात. नराच्या पोटामागच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. मादी ते टिपायला जाते आणि तोंडातल्या अंड्यांचं फलन होतं, असं वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये मांडलं. त्यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली, पण ते ठिपके पाहण्याची दृष्टी त्यांनीच दिली. उपाशी मादी दमलेली असते आणि नर तिला सोडत नाहीत. तिला वेगळी टाकी देणं हा पिल्लांपेक्षाही तिच्या जिवासाठी करायचा उपाय आहे.

आणि मग पिल्लं. मलावीच्या सिक्लिडांच्या जाती इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या आहेत की त्यांच्या जनुकसंचांतला फरक फारच थोडा आहे. टाकीत जवळच्या जातींचा संकर सहज होतो. सरोवरात तो सहसा होत नाही, कारण मादी रंग आणि वागणं पाहून आपल्या जातीचा नर निवडते. ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये व्हिक्टोरियाविषयी दाखवलं, की पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासे झाले, की ही निवडच बिघडते आणि जाती एकमेकींत मिसळू लागतात. त्याच सरोवरात १९५० च्या दशकापासून नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला, आणि १९८० च्या दशकात त्याची संख्या बेसुमार वाढली. तिथल्या दोनशेच्या आसपास सिक्लिड जाती नाहीशा झाल्या किंवा त्या वाटेवर लागल्या, असा अंदाज आहे. काही जाती आज प्राणिसंग्रहालयांच्या आणि पाळणाऱ्यांच्या टाक्यांत टिकून आहेत.

म्हणून पाळणाऱ्याची नोंदवही हा या विद्येचा भाग आहे. मलावीत एकाच जातीचा रंग एका बेटापाशी एक आणि दहा-वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या खडकापाशी दुसरा असतो; मधला वाळूचा पट्टा म्बुना ओलांडत नाही. जाणकार जातीच्या नावापुढे लिकोमा, चिझुमुलू, म्बेंजी असं ठिकाणाचं नाव लावतात ते यासाठी. मासे घेताना ते नाव विचारावं, मिळालं तर लिहून ठेवावं, आणि पिल्लं दुसऱ्याला देताना त्यांच्याबरोबर तेही द्यावं. आई-बाप दोन वेगळ्या जातींचे असल्याची शंका असेल, तर ती पिल्लं शुद्ध म्हणून विकू नयेत. वाढवायची तर आपल्याच टाकीत वाढवावीत. आणि नकोसे झालेले मासे तळ्यात, नदीत किंवा धरणात कधीही सोडू नयेत. चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली, आणि आज ती आपल्या जलाशयांतून परत काढता येत नाही.