जागरणाचे वाटेकरी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे जे वर्णन आहे, त्यात रक्षोघ्न औषधी आणि अग्नी यांच्याबरोबरच आणखी एक तजवीज सांगितली आहे, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते : बाळंतिणीच्या जिव्हाळ्याच्या स्त्रियांनी व सुहृदांनी दहा किंवा बारा दिवस तिच्याजवळ जागत राहावे. हेतू ग्रहबाधेच्या निवारणाचा असेल. परंतु त्या भयाच्या आश्रयाने एक व्यवहार सिद्ध झाला, तो असा की तान्ह्या मुलापायी होणारे जागरण एकट्या आईच्या वाट्याला येऊ नये.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा आपला प्रघात याच व्यवहारावर उभा आहे. रात्री मूल किरकिरू लागले की आजी त्याला मांडीवर घेई, कोणी पोटावर हिंगाचा लेप लावी, सकाळी न्हाऊ घालणारी बाई येई, आणि सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांचे मोजके वळसे देऊन गुटी उगाळली जाई. बाळंतिणीच्या त्या कोंदट, धुराने भरलेल्या काळोख्या खोलीचे कौतुक मला करवत नाही, आणि विटाळाच्या कल्पनेचे तर नाहीच. पण सव्वा महिना त्या खोलीत बाळंतिणीची झोप राखणारी माणसे होती, हे मान्य केलेच पाहिजे.

मुंबईत 1854 साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली, आणि पुढे रत्नागिरी-साताऱ्याकडची कुटुंबे गिरणगावात येऊन राहू लागली, तेव्हा ही माणसे गावीच राहिली. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणापुरत्या गावी जात. परंतु परतल्यावर त्यांच्यापुढे नायकिणीच्या, म्हणजे स्त्री-मुकादमाच्या, देखरेखीखालचे रिळाचे खाते, 1891 च्या कारखाना कायद्याने घातलेल्या मर्यादेतही दिवसाचे अकरा तास भरणारे काम, आणि रात्री चाळीची ती एकच खोली असे, जिथे तान्हे मूल रडू लागले की पहाटेच्या भोंग्याला उठावयाची सगळीच माणसे जागी होत. बाप त्याला खांद्यावर घेऊन गॅलरीत येरझारा घाली. आई डोळे चोळीत हजेरीला जाई. अशा घरात अफूच्या बाळगोळीचा प्रवेश झाला.

1922 साली सरकारच्या मजूर दप्तराने प्रसिद्ध केलेल्या अहवालात डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरने नमूद केले की गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा 98 मुलांना अफू दिली जाते. जे द्रव्य अबकारी खात्याच्या परवान्याने उघड विकले जात होते, त्याची कणभर मात्रा मुलाला निपचित करी. निपचित पडलेले मूल भुकेसाठीही रडत नसे, म्हणून ते दूध कमी पिई, त्याचा कोठा बांधला जाई, आणि ते दिवसेंदिवस वाळत जाई. लँकेशायरच्या गिरण्यांतील मातांनीही ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ या अफूमिश्रित औषधाने हेच केले होते; यंत्राच्या वेळापत्रकाला आईची झोप आणि मुलाची भूक कधीच जुळली नाही. या स्त्रियांना अडाणी व निर्दय ठरवणारे लेखन मी वाचले आहे आणि ते मला मनापासून अन्यायाचे वाटते. ज्या घरात आजीची मांडी नव्हती, तिथे त्या मांडीची जागा त्या गोळीने घेतली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूति-लाभाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा देताना, मातेच्या विश्रांतीत सबंध राष्ट्राचे हित आहे आणि त्या विश्रांतीचा भार सरकारनेही उचलावा, असे प्रतिपादन केले. 1929 मध्ये कायदा झाला, आणि घरी राहिलेल्या बाळंतिणीला ठरावीक आठवडे दिवसाचे आठ आणे मिळण्याचा हक्क उत्पन्न झाला. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. मुलाचा दिवस अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला. रात्र मात्र पूर्वीप्रमाणे त्या एकाच खोलीत राहिली, छताला टांगलेल्या झोळीची दोरी हातात धरून बसल्या बसल्या पेंगणाऱ्या आईकडे.